डोळ्यांची साक्ष

आरशासमोर उभे राहून माणसाने आपल्या प्रतिबिंबाच्या डाव्या डोळ्याकडे पाहावे, मग उजव्या डोळ्याकडे पाहावे, आणि पुन्हा डाव्याकडे वळावे. नजर एका डोळ्यावरून दुसऱ्या डोळ्यावर जाते ह्यात शंका नाही. परंतु ती जात असताना आरशातले डोळे हललेले काही केल्या दिसत नाहीत. शेजारी दुसरा कोणी उभा असेल तर त्याला ती हालचाल स्पष्ट दिसते. ज्याचे डोळे, त्यालाच काय ती दिसत नाही! रेमंड डॉज ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९०० साली ह्या साध्या अनुभवाकडे विद्वानांचे लक्ष वेधले. डोळा वेगाने फिरत असता त्या क्षणापुरती दृष्टी मंदावते, आणि मन ती फट बेमालूम बुजवून टाकते.

साऱ्या जगाची खबर आणणारा हा दूत स्वतःच्या जाण्यायेण्याची खबर मात्र धन्याला देत नाही. ती हवी असेल तर बाहेरून, दुसऱ्या कोणाच्या तरी साहाय्याने मिळवावी लागते. गेल्या सव्वादोनशेहून अधिक वर्षांत ही खबर कशी मिळवली गेली, तिच्यापायी कोणी काय सोसले, आणि आज ती विनासायास मिळू लागली असता कोणता नवा प्रश्न उभा राहिला आहे, हा इतिहास जितका मनोरंजक तितकाच विचार करावयास लावणारा आहे.

ह्या इतिहासाचा आरंभ भोवळीपासून होतो. लहान मुले गरगर फिरून एकदम थांबतात आणि घर फिरते म्हणून हसतात. थांबल्यावरही जग का फिरते, हा प्रश्न लंडनमधील विल्यम चार्ल्स वेल्स ह्या वैद्याने अठराव्या शतकाच्या अखेरीस हाती घेतला. १७९२ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निबंधात एका चतुर युक्तीचे वर्णन आहे. मेणबत्तीच्या ज्योतीकडे टक लावून पाहिले की नजर काढून घेतल्यावरही काही काळ तिचा ठसा डोळ्यांपुढे राहतो. हा ठसा डोळ्याच्या आतील पडद्यावर उमटलेला असल्यामुळे डोळा फिरेल तसा तोही फिरतो. वेल्सने असा ठसा उमटवून घेतला, स्वतःभोवती गिरक्या घेतल्या, आणि मग थांबून भिंतीवरील कागदाकडे पाहिले. डोळे स्थिर आहेत अशी त्याची समजूत होती. परंतु ठसा कागदावरून सरकत होता. अर्थात डोळेच हलत होते आणि ते त्याला ठाऊक नव्हते. यंत्र नाही, प्रयोगशाळा नाही; एक मेणबत्ती, एक कागद आणि विचार करणारे मन एवढ्यावर हा शोध लागला. माणसाची स्वतःच्या शरीराविषयीची खात्री आणि त्या शरीराचा खरा व्यवहार ह्यांत अंतर असू शकते, हे त्याने दाखवून दिले.

त्यानंतर सुमारे ८५ वर्षांनी हा विषय पॅरिसमध्ये पुन्हा पुढे आला. एमिल जावाल हा मूळचा खाणींचा अभियंता. १८३९ साली पॅरिसमध्येच त्याचा जन्म झाला. त्याच्या घराण्यात तिरळेपणाचा दोष होता आणि त्याची बहीणही त्यातून सुटली नव्हती. ह्या घरच्या दुःखाने त्याला अभियांत्रिकी सोडून वैद्यकाकडे वळविले. त्या काळी तिरळेपणावर शस्त्रक्रिया हाच उपाय मानला जात असे. जावालने निराळा मार्ग धरला. इंग्लंडमध्ये चार्ल्स व्हीटस्टन ह्याने १८३८ साली एक उपकरण विद्वानांपुढे मांडले होते. त्यात दोन डोळ्यांना किंचित भिन्न अशी दोन चित्रे दाखविली की मनात एकच भरीव दृश्य उभे राही. श्रीमंतांच्या दिवाणखान्यातील करमणूक बनलेले हे उपकरण जावालने बहिणीच्या डोळ्यांच्या व्यायामासाठी वापरले. कृत्रिम दृश्य दाखवून खऱ्या डोळ्याला शिस्त लावता येईल, ही कल्पना त्या घरात रुजली. पुढच्या साऱ्या कथेचे बीज तेथे आहे.

१८७८ पासून सॉर्बोनमधील नेत्रविषयक प्रयोगशाळेचा प्रमुख म्हणून जावालने वाचनाच्या शरीरशास्त्रावर लेखमाला लिहिली. तोपर्यंत सर्वसामान्य समजूत अशी होती की वाचताना डोळा ओळीवरून पाण्यासारखा सरळ वाहत जातो. ती समजूत टिकली नाही. डोळा ओळीवर झेपा घेतो. क्षणभर विसावतो, पुन्हा झेप घेतो. प्रागमध्ये एवाल्ड हेरिंग ह्याने १८७९ साली पापणीला नळ्या लावून डोळ्याच्या स्नायूंचा ध्वनी ऐकला, आणि जावालचा सहकारी लामार ह्याने त्याच तऱ्हेने झेपांची टकटक कानाने मोजली. दृष्टीचा अभ्यास प्रथम श्रवणाने व्हावा हा योग मोठा मौजेचा खरा. माणूस वाचतो तो ह्या विसाव्यांच्या वेळी, हे आज निश्चित झाले आहे. हे विसावे सामान्यतः सेकंदाच्या चतुर्थांशाइतके असतात, आणि जागेपणी डोळा दर सेकंदास सुमारे तीन वेळा नवी जागा धरतो. ह्याचे कारण डोळ्याच्या रचनेतच आहे. दृष्टिपटलाच्या मध्यावरील अगदी लहानशा भागालाच सूक्ष्म तपशील दिसतो. म्हणून पाहावयाचे ते ते ह्या भागासमोर आणण्यासाठी डोळ्याला सतत धावपळ करावी लागते.

झेपा ऐकता आल्या. परंतु त्यांची लांबी किती, वेग किती, हे कानाला कसे कळावे? त्यासाठी नोंद हवी होती. ही नोंद मिळविण्यासाठी जे झाले ते आज वाचताना अंगावर काटा येतो. १८९८ च्या सुमारास अमेरिकेत एडमंड बर्क ह्यूई आणि एडमंड डेलाबार ह्या दोघांनी स्वतंत्रपणे जवळजवळ एकच मार्ग काढला. प्लॅस्टर ऑफ पॅरिसची पातळशी टोपी घडवून ती थेट बुबुळावर बसवावयाची. तिला मध्ये छिद्र ठेवावयाचे, म्हणजे वाचता येईल. आणि तिला एक हलका दांडा जोडून त्याचे टोक काजळी धरलेल्या फिरत्या पंचपात्रासारख्या नळकांड्यावर टेकवावयाचे. डोळा हलला की काजळीवर रेघ उमटे. वेदना जाणवू नये म्हणून डोळ्यात कोकेनचा द्रव घालीत. डोके घट्ट आवळून धरलेले असे. डेलाबारने हा प्रयोग स्वतःच्याच डोळ्यावर केला.

ह्या खटाटोपातून ह्यूईला ओळीवरील विसाव्यांची आणि झेपांची खरीखुरी रेखाटने मिळाली. १९०८ साली प्रसिद्ध झालेला वाचनाच्या मानसशास्त्रावरील त्याचा ग्रंथ आजही आदराने उल्लेखिला जातो. तथापि प्लॅस्टरचे ओझे वाहणारा आणि कोकेनने बधिर झालेला डोळा हा काही सहज वाचणारा डोळा नव्हे. नोंद घेण्याच्या साधनानेच नोंदीचा विषय बिघडतो, ही अडचण होती. शरीरशास्त्राच्या अभ्यासकाला ती सर्वत्र भेटते. परंतु डोळ्याइतक्या नाजूक इंद्रियाच्या बाबतीत ती विशेष तीव्र होती.

तिच्यातून वाट काढली ती आरंभी उल्लेखिलेल्या डॉजने. कनेक्टिकटमधील वेस्लेयन विद्यापीठात डॉज आणि त्याचा सहकारी क्लाइन ह्यांनी १९०१ साली डोळ्याला कशाचाही स्पर्श न करता त्याची हालचाल टिपून दाखविली. डोळ्याच्या पारदर्शक दर्शनी पडद्यावर प्रकाशाची तिरीप पडली की तेथे एक चमकता ठिपका दिसतो. डोळा वळला की तो ठिपकाही सरकतो. खाली घसरणाऱ्या छायाचित्राच्या काचेवर त्यांनी ह्या ठिपक्याची रेघ उमटवून घेतली. दांडा गेला, टोपी गेली, कोकेन गेले. राहिला तो केवळ प्रकाश. आजची यंत्रे अदृश्य अवरक्त प्रकाश वापरतात आणि त्यांचे गणित यंत्रगणक करतो. पण त्यांतील बहुतेकांचे मूळ तत्त्व डॉजच्या त्या ठिपक्याचेच आहे.

साधन सौम्य होताच अभ्यासाचे क्षेत्र एकदम विस्तारले. आजारी माणसाच्या डोळ्यावर प्लॅस्टर बसविणे शक्य नव्हते. त्याचे छायाचित्र घेणे शक्य होते. १९०८ साली डॉजने डीफेनडॉर्फ ह्या मनोरुग्णांच्या डॉक्टरबरोबर मनोरुग्णालयातील रोग्यांच्या नजरेच्या नोंदी घेतल्या. पुढे ज्या विकाराला स्किझोफ्रेनिया हे नाव रूढ झाले, त्या विकाराच्या काही रोग्यांना हलत्या वस्तूचा नजरेने सरळ पाठलाग करता येत नाही. त्यांची नजर मागे पडते आणि तुटक झेपा घेत वस्तूला गाठते, असे त्यांना दिसून आले. हे निरीक्षण बराच काळ बाजूला पडले. १९७३ साली फिलिप हॉल्झमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्याला पुन्हा उजाळा दिला, आणि रोग्यांच्या काही निरोगी नातेवाइकांतही तीच लकब आढळते हे पुढील वर्षी दाखवून दिले.

ह्याच काळात व्हिएन्नामध्ये डोळा आणखी एका इंद्रियाचा साक्षीदार ठरत होता. रोबर्ट बारानी हा कानाचा डॉक्टर. रोग्याच्या कानात पाणी घालून कान धुताना काहींना भोवळ येते आणि त्यांचे डोळे झटके देऊ लागतात, हे त्याने पाहिले. पाणी फार गार आहे अशी एका रोग्याने तक्रार केली, तेव्हा ऊन पाणी घेतले. तर झटक्यांची दिशाच उलटली! कानाच्या आत तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्यांतील द्रव उष्णतेने वर चढतो आणि थंडीने खाली उतरतो; त्याच्या ह्या हालचालीमुळे डोळे हलतात, असा सिद्धांत बारानीने मांडला. ह्या विषयातील कार्याबद्दल त्याला १९१४ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. ती वार्ता आली तेव्हा तो रशियात युद्धकैदी होता. पारितोषिक मिळालेल्या ह्या सिद्धांताचीही पुढे परीक्षा झाली. अंतराळात वजन नाही, म्हणून तेथे उष्ण द्रव वर चढावयाचे कारण नाही. १९८३ च्या अखेरीस स्पेसलॅबच्या पहिल्या उड्डाणात अंतराळवीरांच्या कानात उष्णता पोहोचवून त्यांच्या डोळ्यांची नोंद घेतली गेली; तरीही डोळे हललेच. बारानीची चाचणी खरी होती. त्याचे स्पष्टीकरण मात्र अपुरे होते.

डोळा आणि कान ह्यांचा हा संबंध रोजच्या जगण्याचा आहे. मान वळली की कानातील नलिका मेंदूला वर्दी देतात, आणि सेकंदाच्या सुमारे शंभराव्या भागात डोळे उलट दिशेने तितकेच वळतात. म्हणूनच चालताना रस्ता डचमळत नाही. १९८८ साली सिडनीमधील हल्माग्यी आणि कर्दॉइस ह्यांनी ह्या यंत्रणेची एक सोपी परीक्षा प्रसिद्ध केली. रोग्याला एका बिंदूकडे पाहावयास सांगावयाचे, त्याचे डोके झटकन किंचित वळवावयाचे, आणि डोळे बिंदूवर टिकतात की घसरून परत येतात ते पाहावयाचे. एकाएकी उद्भवलेली आणि न थांबणारी भोवळ कानातील बिघाडाची की मेंदूच्या रक्तपुरवठ्यातील अडथळ्याची, हे ठरविताना जाणत्या डॉक्टरला ह्या परीक्षेचा मोठा आधार होतो.

इथवर डोळ्याने शरीराविषयी साक्ष दिली. तो मनाविषयीही साक्ष देतो, हे मॉस्कोतील आल्फ्रेद यार्बस ह्याच्या प्रयोगांतून साऱ्या जगाला पटले. त्याचा ग्रंथ रशियन भाषेत १९६५ साली आणि इंग्रजीत १९६७ साली निघाला. रेपिनच्या एका प्रसिद्ध चित्रात हद्दपारीतून परतलेला माणूस अचानक घरात पाऊल टाकतो आणि कुटुंबीय चकित होऊन त्याच्याकडे पाहतात. यार्बसने एकाच प्रेक्षकाला हे चित्र सात वेळा दाखविले. एकदा मोकळेपणी पाहावयास सांगितले. मग दर वेळी निराळा प्रश्न विचारला. हे कुटुंब किती सुस्थितीत आहे? ह्या माणसांची वये काय असावीत? पाहुणा किती वर्षांनी परतला असावा? चित्र तेच, डोळे तेच. परंतु प्रश्न बदलताच नजरेचा मार्ग बदलला. वयाच्या प्रश्नावर ती चेहऱ्यांवर खिळली. सुस्थितीच्या प्रश्नावर सामानसुमानाकडे आणि कपड्यांकडे वळली. नजर ही केवळ चित्रावर अवलंबून नसून पाहणाऱ्याच्या मनातील हेतूवर अवलंबून असते, हे त्या वेड्यावाकड्या रेघांनी स्पष्ट केले. यार्बसचे साधनही त्रासाचेच होते. आरसा बसविलेली एक लहानशी टोपी तो रबराच्या फुग्याने डोळ्यावर चोखून बसवीत असे, आणि पापण्या चिकटपट्टीने उघड्या धरलेल्या असत.

त्याच दशकात शिकागोमध्ये एकहार्ड हेस आणि जेम्स पोल्ट ह्यांनी डोळ्याच्या बाहुलीचे माप घेतले. मनोवेधक चित्र दिसले की बाहुली रुंदावते, असे त्यांनी १९६० साली प्रसिद्ध केले. मनातल्या मनात गुणाकार करीत असतानाही ती रुंदावत जाते आणि उत्तर मिळाले की पूर्ववत होते, असे १९६४ साली. मानेला होकार-नकारापासून रोखता येते, जिभेला आवर घालता येतो. बाहुलीवर मात्र कोणाचा हुकूम चालत नाही.

नजरेचा माग काढण्याचा हा एक प्रवाह झाला. दुसरा प्रवाह नजरेला फसविण्याचा. त्याचे मूळ व्हीटस्टनच्या उपकरणात आहे हे वर आलेच आहे. १८९७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठातील जॉर्ज स्ट्रॅटन ह्याने जग उलटे दाखविणारी भिंगे डोळ्याला बांधली आणि आठ दिवस तो त्या उलट्या जगात वावरला. प्रथम प्रत्येक हालचाल चुके. हळूहळू हातपाय नव्या दृश्याशी जुळवून घेऊ लागले. दृश्य बदलले तर शरीर त्याच्यामागून जाते, हा त्या आठ दिवसांचा धडा. पुढे विमानविद्येला त्याचा उपयोग झाला. १९२९ साली एडविन लिंकने जमिनीवरच राहून विमान चालविण्याचा सराव देणारे यंत्र बनविले. १९६८ साली इव्हान सदरलँडने डोक्यावर चढविण्याचे असे उपकरण सिद्ध केले की त्यात प्रत्येक डोळ्यापुढे यंत्रगणकाने रेखाटलेले स्वतंत्र चित्र येई, आणि डोके वळेल तसे ते चित्रही बदले. ते छतापासून टांगलेले असल्यामुळे त्याला ग्रीक कथेतील डॅमोक्लीझच्या तलवारीचे नाव मिळाले. ह्या मायासृष्टीला आज 'आभासी वास्तव' म्हणतात. 'व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी' हे तिचे इंग्रजी नाव १९८० च्या दशकात जॅरन लनियर ह्याने रूढ केले.

माया डोळ्याला पटली तरी कानाला पटेलच असे नाही. १९५० च्या दशकात अमेरिकन नौदलाच्या हेलिकॉप्टर-सरावयंत्रात बसलेल्या वैमानिकांना मळमळू लागले, आणि नवशिक्यांपेक्षा मुरलेल्या शिक्षकांनाच त्याचा त्रास अधिक झाला. डोळे सांगतात की देह उडतो आहे. कानातील नलिका सांगतात की तो जागेवर बसला आहे. ज्याच्या देहाला खऱ्या उड्डाणाची सवय, त्याला ही विसंगती अधिक बोचते, असा ह्याचा उलगडा केला जातो. वेल्सची मेणबत्ती, बारानीचे गार पाणी आणि हे सरावयंत्र ही एकाच प्रश्नाची तीन रूपे होत.

हे दोन प्रवाह एकत्र आले तेव्हा मानवी शरीराच्या अभ्यासाला एक अपूर्व साधन मिळाले. प्रयोगशाळेत खरा कडा आणता येत नाही, आणि खऱ्या कड्यावर प्रयोग करणे योग्य नव्हे. मायासृष्टीत दोन्ही अडचणी नाहीशा होतात. नॉर्थ कॅरोलायनातील चॅपेल हिल येथे २००२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत माणसांना अशा आभासी खोलीत नेले की जिच्या मध्यभागी खोल खड्डा दिसे. पायाखाली सपाट जमीन आहे हे प्रत्येकाला ठाऊक होते. तरीही खड्ड्याच्या काठाशी येताच नाडीचे ठोके वाढत. काठ म्हणून पायाखाली दीड इंच उंचीची लाकडी फळी ठेवली की ते आणखी वाढत. बुद्धीला जे ठाऊक ते हृदयाला ठाऊक असतेच असे नाही.

ह्या साधनाने रोग्यांचे दुःखही हलके केले आहे. अटलांटामध्ये बार्बरा रॉथबॉम, लॅरी हॉजेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंचीची धास्ती घेतलेल्या माणसांना आभासी पुलांवर आणि गच्च्यांवर क्रमाक्रमाने नेऊन त्यांचे भय कमी केल्याचे १९९५ साली प्रसिद्ध केले. सिअ‍ॅटलमध्ये हंटर हॉफमन आणि त्याचे सहकारी ह्यांनी भाजलेल्या रोग्यांसाठी बर्फाची एक दरी रचली. जखमा धुताना आणि पट्ट्या बदलताना होणाऱ्या असह्य वेदनांच्या वेळी रोगी त्या दरीत हिंडतो, बर्फाचे गोळे फेकतो; आणि त्याला जाणवणारी वेदना कमी होते. जावालने बहिणीसाठी धरलेला मार्गही विसरला गेला नाही. दोन डोळ्यांना निरनिराळी चित्रे दाखवून मुलांच्या 'आळशी' डोळ्याला कामाला लावणाऱ्या अशाच एका शिरोयंत्राला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२१ साली मान्यता दिली.

इथपर्यंतचा इतिहास हा साधन उत्तरोत्तर सौम्य होत गेल्याचा इतिहास आहे. प्लॅस्टरच्या जागी प्रकाश आला. आवळलेल्या डोक्याच्या जागी मोकळे डोके आले. आज बाजारात मिळणाऱ्या काही शिरोयंत्रांत डोळ्यांवर नजर ठेवणारे कॅमेरे आतच बसविलेले असतात. २०२४ च्या आरंभी विक्रीस आलेल्या अ‍ॅपल कंपनीच्या यंत्रात तर हव्या त्या चिन्हाकडे नुसते पाहून आणि बोटांची चिमूट जुळवून यंत्राला आज्ञा देता येते. हे वापरणाऱ्याच्या सोयीसाठी आहे ह्यात संशय नाही.

परंतु ह्या सौम्यतेबरोबर एक गोष्ट नाहीशी झाली, तिचाही हिशेब मांडला पाहिजे. ह्यूईच्या काळी कोणाच्याही नकळत त्याच्या नजरेचा माग काढणे अशक्य होते. बुबुळावर टोपी बसवून घ्यावयास माणूस स्वतः यावा लागे, कशासाठी ते समजून घ्यावे लागे, आणि सोसावे लागे. वेदना हीच त्या काळी संमतीची राखणदार होती. वेदना गेली हे चांगलेच झाले. पण तिच्याबरोबर राखणदारही गेला. यार्बसला नजरेच्या रेघांवरून पाहणाऱ्याच्या मनातील प्रश्न उमगू शकत होता. डॉजला रोग्याची लकब दिसत होती. हेसला बाहुलीवरून मनाचा ओढा कळत होता. हे सारे ज्ञान त्यांनी संमतीने आलेल्या अथवा डॉक्टरांच्या देखरेखीखालील मोजक्या माणसांपासून मिळविले. आज तीच माहिती खेळ खेळणाऱ्या मुलापासून आणि दुकान न्याहाळणाऱ्या ग्राहकापासून क्षणोक्षणी गोळा होऊ शकते. डोळ्यांचा तर प्रश्नच नाही; नुसत्या डोक्याच्या आणि हातांच्या हालचालींवरूनही माणूस ओळखता येतो. स्ट्रॅटन जेथे शिकवीत असे त्याच बर्कलीच्या विद्यापीठातील अभ्यासकांनी इतरांच्या सहकार्याने २०२३ साली असे दाखवून दिले की आभासी सृष्टीतील एका खेळाच्या पन्नास हजारांहून अधिक खेळाडूंमधून एकेकाला त्याच्या अवघ्या शंभर सेकंदांच्या हालचालीवरून शंभरात सुमारे चौऱ्याण्णव वेळा अचूक ओळखता येते.

हा प्रश्न भारताला अपरिचित नाही. माणसाच्या शरीराने त्याच्या इच्छेवाचून दिलेली साक्ष त्याच्याविरुद्ध वापरावी काय, ह्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१० रोजी सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य ह्या खटल्यात दिला आहे. नार्को-चाचणी, पॉलिग्राफ आणि मेंदूच्या विद्युत्-प्रतिसादांची चाचणी ह्या गोष्टी कोणावरही सक्तीने लादता येणार नाहीत, असे न्यायालयाने सांगितले. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती कोणावर होऊ नये हे घटनेच्या विसाव्या अनुच्छेदातील संरक्षण केवळ जिभेपुरते नाही, हा त्या निर्णयाचा आशय. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमुखाने घोषित केले, आणि २०२३ साली संसदेने व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत केला. त्या कायद्याच्या मुळाशी संमतीचे तत्त्व आहे. परंतु संमती म्हणजे लांबलचक मजकुराखाली बोटाने दाबलेली एक खूण नव्हे. कशाची नोंद होते, ती कोणाकडे जाते आणि तिच्यावरून काय काय ओळखता येते, हे ज्याला समजले त्यानेच दिलेली ती संमती. माणसाला आपल्या डोळ्यांची हालचाल स्वतःला दिसत नाही, म्हणून हे समजावून सांगण्याची जबाबदारी पाहणाऱ्यावर अधिक पडते.

ह्या बाबतीत जावालचे उत्तरायुष्य आठवण्याजोगे आहे. ज्याने आपले आयुष्य इतरांच्या दृष्टीसाठी वेचले, त्या जावालला काचबिंदूने गाठले. १९०० साली त्याची दृष्टी पूर्णपणे गेली. तो तेव्हा साठी ओलांडलेला होता. त्याने हाय खाल्ली नाही. उतारवयात अंधत्व आलेल्या माणसाने घरात कसे वावरावे, कसे लिहावे, दिवस कसा घालवावा, ह्याविषयी अनुभवाचे चार शब्द सांगणारे पुस्तक त्याने १९०३ साली आपल्यासारख्यांसाठी प्रसिद्ध केले. आणि १९०५ साली, स्वतःला एक अक्षरही दिसत नसता, वाचन आणि लेखन ह्यांच्या शरीरशास्त्रावरील ग्रंथ पुरा केला. १९०७ साली तो वारला. बहिणीच्या डोळ्यांपासून सुरू झालेले त्याचे काम अंधांच्या सेवेपाशी संपले. ज्यांच्यापासून ज्ञान मिळाले त्यांच्याच पदरात ते परत घालावयाचे, हा त्या कामाचा अलिखित नियम होता.

आज नजरेचा माग काढणारी यंत्रे जावालच्या स्वप्नातही आली नसतील इतकी कुशल झाली आहेत. भोवळ आलेल्या रोग्याला, भाजलेल्या माणसाला, तिरळ्या मुलाला त्यांचा उपकार झाला आहे आणि पुढेही होईल. त्यांच्याविषयी भय बाळगण्याचे कारण नाही. परंतु प्रत्येक नव्या यंत्राला एक जुना प्रश्न विचारण्याचे कारण मात्र आहे: ही साक्ष कोणासाठी घेतली जात आहे? ज्याचे डोळे, त्याच्या हितासाठी आणि त्याला सांगून ती घेतली जात असेल, तर मेणबत्तीपासून सुरू झालेली ही वाट योग्य दिशेने चालली आहे, असे खुशाल समजावे.